निळी ढगातून यायची

आभाळ भरून आलं की आमच्या सांगवीत सगळ्यांची तोंडं उतरायची आणि अप्पांचं मात्र खुलायचं. ऐन थंडीत ढग म्हणजे द्राक्षवाल्यांच्या पोटात गोळा, तुरीवाल्यांना अळीची धास्ती, ज्वारीवाल्यांना चिकट्याची. आणि आमचे अप्पा सकाळी अंगणात उभे राहून पूर्वेकडे बघत म्हणायचे, "आज झकास हाय." शेजारच्या आबांची द्राक्षबाग होती. त्यांनी एकदा ते ऐकलं आणि कुंपणापलीकडून ओरडले, "तुझ्या त्या पाखरांपायी आमच्या बागेवर उठलायस का रं?" अप्पा नुसते हसले. दुपारी मात्र फवारणीचा पंप पाठीला लावून आबांच्या बागेत तेच फिरत होते.

अप्पा म्हणजे माझे वडील. पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कालव्याचं पाणी कुणाला कधी सोडायचं, कधी बंद करायचं, कुणी गुपचूप दार उचललंय का ते बघत सायकलवरून काठाकाठाने हिंडायचं, ही नोकरी. जीव मात्र आमच्या छपरावरच्या ढाबळीत. जुन्या खोक्यांच्या फळ्या आणि कोंबड्यांची जाळी ठोकून त्यांनी ते कबुतरांचं घर स्वतःच्या हाताने बांधलं होतं. कबुतरं शर्यतीची. होमर म्हणायचे त्यांना. लांब नेऊन सोडलं की आपल्याच छपरावर परत येणारी जात. थंडीत शर्यती व्हायच्या. सगळ्यांची कबुतरं टेम्पोने सोलापूरच्या बाजूला नेऊन एकदम सोडायची, आणि ज्याचं आधी घरी पोचेल तो जिंकला.

बाकीचे कबूतरवाले लख्ख ऊन बघून सराव द्यायचे. अप्पा उलटे. "उन्हात कुणाचंबी कबूतर घरी येतंय," ते म्हणायचे, "ढगात येईल ते खरं." सूर्य दिसला नाही की होमर गोंधळतो. घिरट्या घालतो, दमतो, आणि शेवटी कुठल्यातरी पारव्यांच्या थव्यात उतरून तिथलाच होऊन जातो. इंदापूरच्या जुन्या गढीत पारव्यांची मोठी वस्ती होती आणि त्यांच्यात पायात कडी असलेलं एखादं हरवलेलं होमर हमखास दिसायचं. अप्पा त्यांना घरजावई म्हणायचे.

आपलं पाखरू घरजावई होऊ नये म्हणून त्यांनी स्वतःची एक रीत काढली होती. नीरा डावा कालवा आमच्याकडून बारामतीवरून पुढे इंदापूर तालुक्यात जातो. आभाळ झाकोळलं की अप्पा वेताची करंडी सायकलच्या कॅरेजला बांधायचे आणि कालव्याच्या काठाने निघायचे. एका मोरीपाशी, कालव्यावरच्या छोट्या पुलापाशी थांबायचे, कबुतरं सोडायचे. पुढच्या ढगाळ दिवशी पुढची मोरी. सूर्य दिसो न दिसो, पाखराला खाली पाणी दिसतं. ती पाण्याची रेघ धरून घरी यायचं, हे ते त्यांना मोरी मोरी करत शिकवायचे. सगळ्यांना जमायचं नाही. वाऱ्यात, भुरभुर पावसात काही पाखरं गेली ती गेलीच, काही ससाण्याने नेली. त्या दिवशी अप्पा जेवायचे नाहीत.

सायकल पोचेना तिथे माझी नेमणूक व्हायची. मी बारामतीला कॉलेजात होते. तास बुडवून करंडी मांडीवर घेऊन इंदापूरच्या एसटीत बसायचं, शेळगावला किंवा थेट इंदापूरला उतरून कबुतरं सोडायची. कंडक्टर करंडीकडे बघून विचारायचा, "कोंबड्या का?" मी म्हणायचे, "न्हाय, पाव्हणे हायत. जाताना माझ्यासंगं, येताना त्यांचे ते." मला लाज वाटायची नाही. पोरीच्या जातीने करंडी घेऊन गावोगाव हिंडावं का, असं बोलणाऱ्यांना मी तोंडावर उत्तर द्यायचे. अप्पांना माझं ते तोंड आवडायचं.

कबूतर धरायलाही त्यांनीच शिकवलं. पाय पहिल्या दोन बोटांत, अंगठा वरून पंखांवर, छाती आपल्या तळव्यावर. दाबायचं नाही आणि सोडायचंही नाही. असं धरलं की पाखरू घाबरत नाही, हातात गरम गरम बसून राहतं आणि त्याचा जीव आपल्या बोटांत ठकठक करत असतो.

सगळ्यांत खरी निघाली ती निळी. दिसायला अगदी साधी मादी. करड्या-निळ्या अंगाची, पंखांवर दोन काळ्या पट्ट्या. पारव्यांत बसवली तर घरचं माणूसही फसेल. पण आभाळ कसंही असो, निळी यायची. उंच जायची नाही. कालव्यावरून खाली खाली, बाभळींच्या शेंड्याला लागून यायची. अप्पा अंगणात पूर्वेकडे तोंड करून खाटेवर बसायचे, हातात डालड्याचा डबा आणि त्यात मूठभर हरभरे. पाखरू दिसलं की डबा खुळखुळवायचा आणि "आ... आ... आ..." असं लांब बोलवायचं. उशीर झाला की मी चुळबुळ करायचे. "अप्पा, न्हाय आली तर?" ते आभाळावरून नजर न काढता म्हणायचे, "येतीय. ढगात येळ लागतो, बाई."

ती नजर मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिली नाही. पापणी हलत नसे. मागे कुणी भांडी आपटली तरी कळत नसे.

नव्वदच्या दशकातल्या एका पावसाळ्यात अप्पा कालव्याच्या काठावर सायकलसकट पडले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून लोकांनी बारामतीच्या दवाखान्यात नेलं. लकवा. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. समजायचं सगळं, बोलता येत नव्हतं. तोंडातून एकच आवाज निघायचा, "आ". आईला हाक मारायची तरी "आ", पाणी हवं तरी "आ". आणि तो ऐकून छपरावरची कबुतरं खाटेपाशी उतरायची. पहिल्यांदा असं झालं तेव्हा आई हसली आणि हसता हसता तोंडात पदर कोंबून आत गेली.

डॉक्टरांनी सांगितलं, व्यायाम द्या, जे परत यायचं ते सुरुवातीच्या महिन्यांतच येईल. मी सकाळ-संध्याकाळ त्यांची बोटं एकेक करून हलवायचे. आधी आम्ही रोज म्हणायचो, आज अंगठा हलला. मग अधूनमधून म्हणायला लागलो. दिवाळी झाली आणि कुणीच काही म्हणेना. हात मऊ, उबदार आणि परका. त्यांचा जन्म चालण्यात गेलेला. आता बिछान्यातच सगळं करावं लागायचं, आणि ते करताना ते डोळे घट्ट मिटून घ्यायचे. एकदा मी दारातून पाहिलं, डाव्या हाताने ते उजव्या हाताला चिमटे काढत होते, नखं रुतेपर्यंत, आणि जिथे रुतलं तिथे रोखून बघत होते. मी आत गेले नाही. मला वाटलं, हा माणूस आता सगळ्यालाच विटलाय.

कबुतरांचं सगळं माझ्यावर आलं. मी ठरवलं होतं, त्या वर्षी शर्यतीला निळी जाणार. अप्पांना खाटेवरून ती येताना दिसणार. त्यांच्यातलं जे काही चालतंबोलतं उरलंय ते छपरावर आहे, असं मला पक्कं वाटायचं. म्हणून थंडीच्या तोंडाला आठवडाभर मळभ धरून राहिलं तेव्हा मी निळीला एकदा शेळगावहून सोडलं. ती आली. डबा मी खुळखुळवला. अप्पांनी मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात शेळगावहून आत्या आली. अप्पांची थोरली बहीण. त्यांची आई लवकर गेल्यामुळे तिनेच त्यांना कडेवर वाढवलं होतं. आल्या आल्या तिने भावाचा उजवा हात उचलला, सोडला. तो खाली पडला. तिने परत उचलला, परत सोडला. मग पदराने डोळे पुसले आणि आईला म्हणाली, "घरात औषध असताना तुमी ह्याला असा निजवून ठिवलाय व्हय?"

लकव्यावर कबुतराचं गरम रगत चोळायचं, हे औषध आमच्या भागात सगळ्यांनी ऐकलेलं. पूर्वी लोक अप्पांकडेही पाखरू मागायला यायचे. ते कुणाला देत नसत, गोड बोलून दवाखान्याचा रस्ता दाखवत. पण आत्याने त्यात आणखी एक भर घातली. शेळगावात तिच्या शेजारचा एक जण म्हणे उठून बसला होता, आणि त्याला ज्याने औषध सांगितलं त्याने बजावलं होतं की विहिरीतलं पारवं चालत नाही.

"लांबनं घरला येणारं कबूतर पायजे," आत्या म्हणाली. "त्येच्या रगतात वाट असती. ह्येच्या हातापायाची वाट चुकलीय. त्या रगतानं ती सापडती. तुमच्यात सगळ्यात लांबनं कोण येतंय?"

आईची नजर वर छपराकडे गेली, आणि आत्याने ती पाहिली.

माझं डोकं फिरलं. आमच्या आजोबांनी छप्पन साली घरातले देव उचलून नीरेत सोडले. त्यानंतर आमच्या उंबऱ्याच्या आत अंगारा आला नाही, गंडा आला नाही. अप्पांनी आम्हाला पंचशील शिकवलं ते पोपटासारखं म्हणायला नाही. मटण आम्ही खायचो, उगाच खोटं कशाला बोला, पण पाळलेल्या पाखराच्या गळ्याला सुरी लावणं हे अप्पांच्या घरात? मी आत्याला वाट्टेल ते बोलले. म्हणाले, "आत्या, बाबासाहेबांचा फोटो लावलाय तुझ्या घरात, तो कशाला मग?"

आत्या चिडली नाही, हेच मला जास्त लागलं. "ह्यात देव कुठं आला बाई? औषध हाय. डॉक्टर सुई टोचतो ती चालती, आन् हे न्हाय चालत?"

"अप्पांना विचारलंस का?"

"त्याला काय इचारायचं? त्याला बोलता येतंय व्हय?"

"न्हाय येत, म्हणूनच त्यांच्या बदली मी बोलतीय. अप्पा असलं कधी करू द्यायचे न्हाईत."

अप्पा तिथेच होते, खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. डोळे मिटलेले. मी त्यांच्या पाठीकडे बघत बोलत होते आणि मला खात्री होती की त्यांना या सगळ्याची किळस येतेय.

त्या संध्याकाळी आई भाकरी थापत होती. मी चुलीपाशी बसले. मला वाटलं ती तरी माझ्या बाजूने बोलेल. परातीतलं पीठ सारखं करत ती म्हणाली, "एक पाखरू तर हाय." एवढंच. आत्याशी भांडता येत होतं, पण आईच्या या चार शब्दांशी भांडता येईना. ती रोज त्यांचं अंग पुसत होती, रोज त्यांना कूस बदलून देत होती. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. तिला काडी दिसली होती, आणि ती काडी नेमकी निळी होती.

मी विचार करून करून थकले. निळीला द्यायचं कुणाला? साधं कबूतर असतं तर कुणाच्याही हवाली केलं असतं. होमर देता येत नाही. बारामतीतल्या एका दोस्ताला अप्पांनी निळी एकदा पिल्लांसाठी दिली होती. तिने तिथे जाळीवर डोकं आपटून कपाळाची पिसं घालवली, आणि कित्येक आठवड्यांनी दार चुकून उघडं राहिलं त्या सकाळी आमच्या छपरावर हजर. तिला जन्मभर कोंडूनच ठेवावं लागलं असतं, आणि तसं कोंडणारा माणूस माझ्या ओळखीचा नव्हता. म्हणजे ती कुठेही गेली तरी येणार, आणि आली की मरणार. तिचा सगळ्यात मोठा गुण तिच्या जिवावर उठला होता.

मग मला गढीतले घरजावई आठवले.

दुसऱ्या दिवशी आभाळ इतकं खाली आलं होतं की आबांच्या बागेचा पलीकडचा बांध दिसत नव्हता. भुरभुर चालू होती. असल्या हवेत अप्पांनीसुद्धा पाखरू सोडलं नसतं. मी निळीला करंडीत घातलं. तिचा नर ढाबळीत गोल गोल घुमायला लागला. खाली उतरले तर आई दारात. "सराव द्यायला नेतीय," मी म्हणाले. तिने करंडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बाजूला झाली. खाटेवरून अप्पांचा आवाज आला, "आ... आ...", जरा मोठा. मला वाटलं पाणी हवंय. आई आहे, बघेल, म्हणून मी थांबले नाही.

बारामतीच्या स्टँडवर इंदापूरची गाडी लागलीच होती. काचा बंद, आत ओल्या घोंगड्यांचा वास. करंडीवरचं फडकं मी जाताना प्रत्येक वेळी थोडं उघडं ठेवायचे, अप्पांचा शिरस्ता होता तो. त्या दिवशी मी ते घट्ट बांधलं. तिला काही दिसू नये. किती वेड्यासारखं होतं हे मला तेव्हाही कळत होतं, कारण ती वाट डोळ्यांनी थोडीच शिकली होती? मोरी मोरी करत अंगात भिनवलेली वाट होती ती. तरी मी गाठीवर गाठ मारली. ज्या पाखराने ढगात चुकू नये म्हणून अप्पांनी दोन वर्षं घालवली, त्याने आज चुकावं म्हणून मी हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले होते. आणि आमच्यात हात जोडायला कुणी देव नव्हता.

इंदापूरला गढीपाशी चिखल झाला होता. पडक्या तटाच्या भोकाभोकांतून पारवे अंग फुगवून बसले होते. मी फडकं सोडलं. निळी करंडीच्या काठावर आली आणि माझ्याकडे मान तिरकी करून बघत बसली. "जा की," मी म्हणाले. ती हलेना. मग मी तिला धरलं, शिकवल्याप्रमाणे धरलं, आणि हात वर करून सोडलं. तिने एक घिरटी घातली, दुसरी घातली, ढगात दिसेनाशी झाली, परत खाली आली. आणि मग ती तटावर उतरली. पारव्यांच्या रांगेत, दोघांच्या मधे. अंग फुगवून बसली. पायातली कडी सोडली तर मलाच ओळखू येईना.

मी कितीतरी वेळ खाली उभी राहिले. एक म्हातारा छत्री धरून चालला होता, त्याने विचारलं, "काय हरवलंय का गं?" मी न्हाय म्हणाले आणि मला हुंदका फुटला. आनंद होता तो आणि आनंद नव्हताही. निळी वाचली होती. आणि अप्पांची निळी घरजावई झाली होती, माझ्या हाताने.

परतीची गाडी शेळगावच्या अलीकडे अडकली. उसाची ट्रॉली रस्त्यात आडवी झाली होती आणि मोळ्या सगळीकडे विखुरल्या होत्या. लोक उतरून ऊस खात उभे राहिले. पाऊस थांबला, ढग मात्र तसाच. मी खिडकीतून आभाळाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि सगळा वेळ आभाळाकडेच बघत राहिले. काही दिसलं नाही. ती बसलीय, मी स्वतःला सांगत होते, पाऊस आहे, थंडी आहे, सोबत आहे, ती बसलीच असणार. घरी गेल्यावर सांगायचं, ससाण्याने नेली. आत्या दोन दिवस बोलेल, मग शेळगावला जाईल. मला रडू आलं तरी चालणार होतं, ते खरंच वाटलं असतं.

सांगवीत उतरले तेव्हा दुपार कलली होती. आमच्या बोळात वळले आणि पाय जागीच थांबले. डबा वाजत होता.

डालड्याचा डबा. हरभरे खुळखुळत होते, ताल नव्हता, थांबून थांबून, जोर करून. आजारी पडल्यापासून अप्पांनी त्या डब्याला हात लावला नव्हता. मी धावत अंगणात गेले. अप्पा खाटेवर उशांना टेकून बसलेले, पूर्वेकडे तोंड करून, डाव्या हातात डबा. आणि त्यांच्या मांडीवर निळी. चिंब भिजलेली, पायाला चिखल, चोच उघडी टाकून धापा टाकत होती. ती नुकतीच आली होती. मला पाहून अप्पा हसले, अर्ध्या तोंडाने, पण हसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

क्षणभर मी सगळं विसरले. मला वाटलं, बघ, हे औषध. पाखरू ढगातून आलं आणि माणूस उठून बसला. आता बोलेल का कुणी निळीला मारायचं? मी आत्याकडे विजयाने पाहिलं. आत्या खाली बघत होती. तिच्या हातात पितळी वाटी होती आणि शेजारी विळी.

"आई, हे काय?"

आई खांबाला टेकून उभी होती. "सकाळपास्नं खुणा करत्यात," ती म्हणाली. "तू करंडी घेऊन गेलीस तवा ओरडत हुते. मग रडले. मग डबा मागितला. मला आधी कळंना. वन्संनी वाटी दाखवली, तर व्हय म्हणून मान हलवली. जेवले न्हाईत. तवापासनं वाजवत्यात."

"खोटं. अप्पा असलं कधी..."

अप्पांनी डबा खाली ठेवला. डाव्या हाताने निळीला उचललं, सावकाश, आणि आपल्या उजव्या हातावर ठेवलं. त्या मेलेल्या हातावर. मग माझ्याकडे पाहिलं. ह्यात न समजण्यासारखं काही नव्हतं.

"अप्पा, न्हाय. ह्यानं काय हुत न्हाय. तुमीच सांगायचा लोकांना. तुमीच त्यांना दवाखान्यात धाडायचा."

"आ," अप्पा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. "आ... आ..."

छपरावरून दोन कबुतरं खाली उतरली.

मग अप्पांनी निळीला सोडलं आणि डावा हात पुढे करून माझ्या हनुवटीला लावला. आमच्याकडे गयावया करताना असा हात लावतात. लहान मोठ्याला लावतं, कर्जदार सावकाराला लावतो, पोरीचा बाप पोराच्या बापाला लावतो. माझ्या बापाने तो हात कुणाला लावलेला मी पाहिला नव्हता. त्या बोटांना निळीच्या पिसांचा ओला वास येत होता. मी त्यांच्या वतीने किती बोलले होते, आणि त्यांना फक्त चालायचं होतं. तत्त्व नको होतं, पाखरू नको होतं, कालव्याच्या काठाने एकदा सायकलवरून जायचं होतं. त्यासाठी ते काहीही द्यायला तयार होते, आणि त्यांच्याकडे देण्यासारखं दुसरं होतं काय?

निळी उडून गेली नाही. ती घरी आली होती, कुठे जाणार? अंगणात दोन पावलं टाकून हरभरे टिपत होती. आत्याने तिला धरायचा प्रयत्न केला, कोंबडीसारखा, पायाला, आणि निळी पंख आपटत तडफडली. आईने तोंड फिरवलं. अप्पांनी आत्याला हाताने थांबवलं आणि माझ्याकडे बोट केलं.

मी निळीला उचललं. पाय पहिल्या दोन बोटांत, अंगठा वरून पंखांवर, छाती तळव्यावर. ती लगेच शांत झाली. तिचा जीव माझ्या बोटांत ठकठक करत होता, लांबून आल्यामुळे जरा भरभर. मी खाटेपाशी गुडघ्यावर बसले. आत्या वाटी घेऊन वाकली. मी डोळे मिटले नाहीत, कारण मिटले असते तर पकड सैल झाली असती.

पुढचं आत्याने केलं. खांद्यापासून बोटांपर्यंत चोळलं, मग पायाला. आईने धुवायला पाणी तापवलं होतं, पण अप्पांनी ते लावू दिलं नाही. वर निळीचा नर घुमत होता, तो संध्याकाळपर्यंत थांबला नाही. आत्या थकून आत जाऊन पडली. मी हात धुतले आणि बाहेर आले.

आभाळ तसंच होतं, आता पूर्वेकडे जास्त काळं. अप्पांनी उजवा हात मांडीवर घेतला होता. त्यावरचं वाळत चाललं होतं. ते त्या हाताकडे बघत होते, आणि ती नजर मी ओळखली. पापणी हलत नव्हती. मागे आईच्या हातून तांब्या पडला तरी त्यांना कळलं नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. विचारत होते.

"येतंय, अप्पा," मी म्हणाले. "ढगात येळ लागतो."

त्यांनी मान डोलावली आणि परत हाताकडे बघायला लागले. मी खाटेवर त्यांच्या शेजारी बसले, आणि अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं वाट बघत होतो.